साहेबराव-कस्तुरा बांधकाम, कुरुळी

कुरुळीत आमचं आणि कस्तुराबाईंचं घर शेजारी शेजारी आहे. दोन्ही घरं त्यांच्या नवऱ्यानं, साहेबरावांनी बांधली. आधी आमचं, मग पुष्कळ वर्षांनी त्यांचं स्वतःचं. तोवर ते दोघं पत्र्याच्या खोलीत राहिले आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर लोकांची घरं उभी करत राहिले. मी तेव्हा अंगणवाडीत शिकवत होते. गावात मला सुमनताई म्हणतात. कस्तुराबाई मात्र नुसतं 'सुमन' म्हणतात, आणि तसं म्हणणारं आता दुसरं कोणी उरलेलं नाही.

त्यांच्या दारावर पाटी होती. 'साहेबराव-कस्तुरा बांधकाम, कुरुळी.' ही पाटी रंगवणारा पेंटर चाकणचा. बायकोचं नाव ऐकून तो हसला होता. "बाईचं नाव कशाला, भाऊ? एखाद्या देवीचं टाकू की."

साहेबराव म्हणाले, "ह्या बाईनं माझ्या बरोबरीनं घमेली वाहिलीत. तुमच्या देवीनं एक तरी उचललं का?"

पेंटरनं मुकाट्यानं दोन्ही नावं रंगवली, आणि कस्तुराबाईंचं नाव जरा जास्तच मोठं काढलं.

दोघं लातूरकडचे. औसा तालुक्यातल्या, किल्लारीपासून चालत जाता येईल अशा गावचे. लग्न झालं त्याच उन्हाळ्यात ते चिंचवडला आले, कारण गावात पाटलाच्या शेतावर राबण्यापलीकडे काही नव्हतं आणि इकडे कारखान्यांच्या शेड आणि कामगारांच्या वसाहती धडाधड उभ्या राहत होत्या. ते गवंड्याच्या हाताखाली लागले, ह्या डोक्यावर माल वाहायला. ज्या इमारतीचं काम चालू असेल तिच्यातच राहायचं, ती पूर्ण झाली की बिऱ्हाड उचलून दुसरीत जायचं. साहेबरावांचा हात चांगला होता. थोड्याच वर्षांत त्यांच्या हाती गवंड्याची थापी आली.

पहिली मुलगी झाली, तिचं नाव गौतमी. सिमेंटच्या धुळीत ते लेकरू सारखं खोकायचं. एकदा तर सळयांच्या ढिगात पडून तिचं कपाळ फुटलं. तेव्हा दोघांनी ठरवलं की तिला गावी आजी-आजोबांकडे ठेवायचं. शाळेतही तिथंच घालायचं.

पण गावी घर कसलं? कुडाच्या भिंती आणि वर पत्रा. सगळी बौद्धवस्ती तशीच होती. दगडी घरं होती ती गावात, वरच्या अंगाला. जाडजूड भिंतींची, वर मातीचं भलंमोठं माळवद. साहेबरावांचे वडील आयुष्यभर त्या घरांच्या अंगणापर्यंतच गेले होते. साहेबरावांच्या मनानं घेतलं की आता आपण गवंडी आहोत, आपल्या बापालाही तसंच घर बांधून द्यायचं, आणि आपली मुलगी त्या घरात वाढवायची. सलग दोन उन्हाळे ते सुट्टी काढून गावी गेले. दगड स्वतः फोडला, चिखलात भिंती रचल्या, वर सागाच्या वाशांवर मातीचा हा एवढा थर दिला. वस्तीतलं ते पहिलं दगडी घर. वडील ओट्यावर बसले की रस्त्यानं जाणारे वळून बघायचे.

त्र्याण्णव सालच्या भूकंपात ते घर पडलं.

चिंचवडला ह्या दोघांना सकाळी चहाच्या टपरीवरच्या रेडिओवर कळलं. मिळेल त्या ट्रकनं ते गावी पोहोचले. कस्तुराबाईंनी हे मला एकदाच सांगितलं, माझ्या अंगणात बसून मेथी निवडताना, आणि पुन्हा कधीही तो विषय काढला नाही. त्या म्हणाल्या होत्या, "सुमन, वस्तीतल्या झोपड्या तशाच उभ्या होत्या गं. कुड कलले, पत्रे सरकले, पण माणसं आपल्या पायानं बाहेर आली. शेजारची म्हातारी चूल पेटवून बसली होती. दगडाचं घर आमच्या एकट्याचं. सासू, सासरा आन् माझं लेकरू, तिघं त्याच्याखाली. ह्येनी उपसायला लागले. एकेक दगड वळखीचा होता त्येंच्या. हा मी इथं बसवला, हा मी तिथं बसवला, असं म्हणायचे आन् बाजूला टाकायचे."

गौतमी तेव्हा सहा वर्षांची होती.

त्यानंतर बरेच दिवस साहेबरावांनी थापी हातात धरली नाही. ते गावाकडेच राहिले, तात्पुरत्या पत्र्याच्या शेडमध्ये. बोलायचे नाहीत. बायको जेवायला वाढायची तेव्हा जेवायचे. पुढं सरकारचं पुनर्वसनाचं काम सुरू झालं, नवी गावं वसवायला घेतली. इंजिनिअर लोक आले. हादरा बसला तरी घर अंगावर येऊ नये म्हणून काय करायचं, ते गवंड्यांना जमवून शिकवायचे. एक दिवस साहेबराव मागे जाऊन उभे राहिले. दुसऱ्या दिवशी पुढे जाऊन बसले. भिंतीत काँक्रीटचा पट्टा कसा घ्यायचा, कोपऱ्यात सळई कशी वळवायची, ओल्या स्लॅबला खालून आधार देणारे टेके कधी काढायचे, सगळं शिकले आणि तिथंच कामाला लागले. तिथली घरं झाल्यावर ते परत इकडे आले, तेव्हा कस्तुराबाईंच्या कडेवर नागसेन होता.

चाकणला तेव्हा नुकत्याच कंपन्या यायला लागल्या होत्या. शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या होत्या, हातात पैसा आला होता, आणि प्रत्येकाला बंगला हवा होता. कंपनीत लागलेल्या पोरांना भाड्यानं द्यायला खोल्याही हव्या होत्या. साहेबरावांना कामाची कमी नव्हती. महाळुंगे, निघोजे, आंबेठाण, वाकी, कुठल्याही वाटेनं गेलं तरी त्यांच्या हातचं घर लागायचं. शाळेच्या खोल्या बांधल्या, विहार बांधला, मारुतीच्या देवळाचा सभामंडप बांधला. हिशेब, मजूर, सामान हे सगळं कस्तुराबाई बघायच्या. शिकलेल्या जेमतेम चौथी, पण पंधरा माणसं त्यांच्या एका हाकेवर हलायची.

साहेबरावांची एक रीत होती. घर पुरं झालं की मालकाच्या हाती किल्ली द्यायच्या आधी नवरा-बायको एक रात्र त्या घरात झोपायचे. चटई टाकायची, जेवणाचा डबा न्यायचा आणि नव्या स्लॅबखाली झोपायचं. लोकांना गंमत वाटायची. पण आंबेठाणच्या नानासाहेबांच्या घरी प्रकरण वाढलं. त्यांची आई म्हणाली, "वास्तुशांत व्हायच्या आधी ह्यांनी घरात निजायचं? ह्यांनी? आमच्या घरात असलं चालायचं न्हाई."

'ह्यांनी' म्हणजे कोणी ते साहेबरावांना न सांगता कळलं. ते एवढंच म्हणाले, "आजी, हे घर तुमच्या अंगावर पडलं तर पाप माझं. म्हणून आधी माझ्या अंगावर पडू द्यायचं. एवढंच आहे त्यात. नसेल चालत तर पुढलं काम दुसऱ्याला द्या." आणि त्यांनी त्या म्हातारीला गौतमीचं सगळं सांगितलं. म्हातारी ऐकता ऐकता खाली बसली. त्या रात्री तिनंच घरून दोन गोधड्या पाठवल्या.

ते गौतमीचं सगळ्यांना सांगायचे. प्रत्येक मालकाला, नव्यानं लागलेल्या प्रत्येक मजुराला. "माझी पोर मी बांधलेल्या घरानं मारली," अशीच सुरुवात करायचे. त्यांनी कधी भूकंपाला दोष दिला नाही. ऐकणाऱ्याला कसंतरी व्हायचं, पण त्यानंतर तो मजूर सळई बांधताना हयगय करायचा नाही.

मला वाईट वाटायचं ते नागसेनचं. हुशार पोरगं. आमच्या अंगणवाडीत होता तेव्हापासून मी त्याला बघत आले. बापानं त्याला मारलं नाही, काही कमी केलं नाही. पण बापाच्या बोलण्यात कायम ती, त्यानं कधी न पाहिलेली बहीण. तो सात-आठ वर्षांचा असेल. आमच्या ओट्यावर बसून पेरू खात होता. मध्येच म्हणाला, "काकू, मी मेलो तर बाबा माझं पण सगळ्यांना सांगतील का?"

मी त्याच्या पाठीत हलकी चापट मारली. "असलं बोलू नये रे," म्हटलं. आणि त्याच्या हातात दुसरा पेरू दिला.

मोठा होऊन नागसेननं सिव्हिलचा डिप्लोमा केला. आम्रपालीशी लग्न झालं. ती चाकणला एका कंपनीच्या ऑफिसात कामाला होती. शहाणी, शांत मुलगी. त्यांना मुलगी झाली. नातीच्या बारशाला साहेबराव आम्ही कधी पाहिले नव्हते एवढे हसले. पण तोवर त्यांच्या छातीत धूळ साचली होती. आयुष्यभराची सिमेंटची, दगडाची धूळ. डॉक्टरांनी फोटो काढून दाखवला. पुढं जिना चढवेना, मग चालवेना. शेवटी शेवटी ते खाटेवर उशाला टेकून बसायचे आणि साइटवरून आलेल्या मुलाला विचारायचे, "टेके काढले न्हाईस ना रे?" नागसेन म्हणायचा, "नाही, बाबा." मग त्यांचे डोळे मिटायचे. ते गेले तेव्हा ज्यांची घरं बांधली होती ते सगळे आले. नानासाहेब खांदा द्यायला पुढे झाले.

मग कंपनी नागसेनच्या हातात आली. एकट्या-दुकट्याचे बंगले बांधण्यात आता राम राहिला नव्हता. हायवेपलीकडे पुनावळे, रावेत, सगळीकडे वीस-वीस मजली सोसायट्या चढत होत्या. ते बघून कुठल्याही कर्त्या पोराला वाटणारच की आपण किती दिवस वाड्या-वस्त्यांवर फिरायचं. त्यानं खटपट करून पुनावळ्याच्या एका मोठ्या बिल्डरचं सेंट्रिंगचं, म्हणजे स्लॅबचे साचे लावायचं काम मिळवलं. पाटी बदलली. नवी पाटी चकचकीत होती, तिच्यावर 'एस. के. इन्फ्रा' लिहिलं होतं.

कस्तुराबाईंनी विचारलं, "ह्यात मी कुठली?"

"के म्हणजे तूच की, आई."

त्या हसल्या. जुनी पाटी त्यांनी आत नेऊन ठेवली. नव्या घरात झोपायची रीतही बंद पडली. नागसेन म्हणाला, लोक हसतात, आणि आता सगळं इंजिनिअरच्या सहीनं होतं. कस्तुराबाईंनी हट्ट धरला नाही. एकटीनं जाऊन झोपायचं त्यांच्याही जिवावर आलं असेल.

त्याच सुमारास रुक्मिणी आणि ज्योतीराम हे जोडपं आलं. लातूरकडचंच, मराठा कुटुंब. शेत एवढंसं, भावकी मोठी. रुक्मिणी विशी-बाविशीची असेल. कस्तुराबाई गावी एका लग्नाला गेल्या होत्या, तिथं ओळख झाली आणि "चल माझ्यासंगं, काम देते" म्हणून त्यांनीच दोघांना आणलं. आपल्या घरामागची खोली दिली. रुक्मिणी त्यांना मावशी म्हणायची. सकाळी कामावर जाताना आमच्या दारातली जास्वंदीची दोन फुलं न विचारता तोडायची, एक केसात खोचायची आणि एक ज्योतीरामच्या खिशात. तो लाजून ते काढून टाकायचा, मग रस्त्याच्या वळणावर परत खिशात घालायचा. मी खिडकीतून बघायचे.

आंबेठाणच्या पुढं एका वाडीत नागसेनचं बंगल्याचं काम चालू होतं. वरच्या मजल्याच्या गॅलरीचा स्लॅब झाला होता. पौषातली थंडी होती. थंडीत सिमेंट सावकाश धरतं, आणि गॅलरी म्हणजे एका बाजूनं लोंबकळती. तिच्याखालचे टेके सगळ्यात शेवटी काढायचे, हे साहेबरावांच्या घरातल्या भांड्यांनासुद्धा पाठ झालं असेल. पण पुनावळ्याच्या बिल्डरनं घाई लावली होती. सेंट्रिंगच्या प्लेटा आणि टेके कमी पडत होते. नागसेननं टेम्पो पाठवला आणि गॅलरीखालचे टेके काढायला सांगितले.

संध्याकाळी कस्तुराबाई मजुरांसाठी तिळाचे लाडू घेऊन साइटवर गेल्या होत्या. टेम्पोत टेके चढताना त्यांनी पाहिले.

"नागसेन, हे कुठले काढलेस?"

"गॅलरीचे. आई, पुनावळ्याला उद्या सकाळी लागतात."

"अजून वल्लं हाय ते."

"आता सिमेंट पहिल्यासारखं राहिलं नाही. लवकर धरतं. मी शिकलोय ना ह्यातलंच?"

मजुरांसमोर बोलणं झालं होतं. मुलगा मालक होता. त्या गप्प बसल्या, लाडू वाटले आणि घरी आल्या. त्या रात्री जेवल्या नाहीत, एवढं मला आठवतं. मी वांग्याची भाजी दिली होती, ती सकाळी तशीच परत आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी कस्तुराबाई माझ्याकडे बसल्या होत्या. त्यांचा फोन आमच्या फळीवर होता, तो वाजला म्हणून मी उचलला. साइटवरचा मजूर होता. म्हणाला, "गॅलरीचा स्लॅब पडला."

आमच्याकडे स्लॅब पडला म्हणजे स्लॅबचं काम झालं, आणि गॅलरीचा आधीच झालाय हे मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "झालं का? पेढे आणा मग!"

"गॅलरीचा स्लॅब पडला म्हणे," मी कस्तुराबाईंना सांगितलं. मी वळून बघितलं, तर कस्तुराबाई उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि एकच विचारलं. "खाली कोण होतं?"

खाली रुक्मिणी होती. जेवण झाल्यावर सावली बघून भांडी घासायला बसली होती.

दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं. ज्योतीराम रडलासुद्धा नाही. तो कस्तुराबाईंच्या पायऱ्यांवर बसून राहिला. कोणी पाणी दिलं तर हातात घ्यायचा आणि तसाच धरून ठेवायचा.

पोलीस आले, पंचनामा झाला, जबाब दुसऱ्या दिवशी घ्यायचे ठरले. संध्याकाळी मी कस्तुराबाईंच्या सोबतीला गेले. नागसेन आतल्या खोलीत डोकं धरून बसला होता. त्याच्याबरोबर रोहिदास होता, पुनावळ्याच्याच साइटवरचा दुसरा ठेकेदार. पोरगा वाईट नव्हता. पण असल्या गोष्टी त्यानं आधी पाहिल्या होत्या. तोच बोलत होता.

"हे बघ भावा, टेके कोणी काढले? मजुरांनी. ज्योतीराम होता ना तिथं? त्यानंच काढले, तुला न विचारता काढले. बास. त्याला आपण वाऱ्यावर सोडायचं नाही, काय लागेल ते बघायचं. पण तू आत गेलास तर सगळंच बुडालं. लहान पोरगी आहे तुला."

 नागसेन हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. मग तो उठून बाहेर आला आणि आईसमोर खाली बसला.

"आई, तू काल तिथं नव्हतीस. असं म्हणशील ना?"

"होते की रे."

"आई, मी मुद्दाम केलं का? मला झोप येत नाहीये. डोळे मिटले की ती दिसते. पण मी जेलमध्ये बसलो म्हणून ती परत येणार आहे का?"

"न्हाई येणार."

"मग?"

कस्तुराबाईंनी बाहेर पायरीकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "ज्याची बायकू मेली त्यालाच तिचा मारेकरी ठरवायचा? तो माझ्या पायरीवर बसलाय, नागसेन. मी त्येला आणलं हितं. तुझ्या बापानं गौतमीचं कधी दुसऱ्या कुणावर ढकललं का? म्हणायला भूकंप होता. तरी मीच मारली म्हणाला, आन् जन्मभर ते घेऊन जगला."

"गौतमी!" नागसेन एकदम ओरडला. मी त्याला इतक्या मोठ्यानं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "कायम गौतमी! जन्मल्यापासून तेच ऐकतोय मी. ती मेली आई, तीस वर्षं झाली. मी जिवंत आहे! माझ्याकडं बघ ना एकदा!"

कस्तुराबाईंनी त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "बघायलेय की रे, माझ्या राजा," त्या म्हणाल्या. "तुझ्याकडंच बघायलेय." आणि दोघंही रडायला लागले. आम्रपाली दारात मुलीला कडेवर घेऊन उभी होती. मी तिथून उठले. मला वाटलं, झालं, आता आई मुलाचंच ऐकणार. खरं सांगायचं तर मलाही तसंच व्हावंसं वाटत होतं.

सकाळी कस्तुराबाई पांढरं लुगडं नेसून एकट्याच रिक्षानं पोलीस ठाण्यात गेल्या. नागसेनला सांगितलं नाही, मलाही नाही. तिथं त्यांनी सांगितलं की टेके काढायला माझ्या मुलानं सांगितलं, ते मी पाहिलं, मी एकदा हटकलं आणि मग गप्प बसले. माझंही नाव लिहा, म्हणाल्या. ठाण्यातल्या साहेबांनी दोनदा विचारलं, "आजी, तुम्ही काय सांगताय, कळतंय ना?" त्या म्हणाल्या, "कळतंय म्हणूनच आले."

दुपारी नागसेनला नेलं. गाडीत बसताना त्यानं आईकडं पाहिलं नाही.

आम्रपाली त्याच आठवड्यात रावेतला माहेरी गेली, मुलीला घेऊन. निघताना तिनं सासूला वाकून नमस्कार केला. म्हणाली, "आई, तुम्ही चुकलात असं मी म्हणत नाही. पण मला तुमच्याकडं बघवत नाही." पोरगी तिच्या खांद्यावरून आजीला टाटा करत होती. आजीनंही हात हलवला.

ज्योतीरामही गेला. कस्तुराबाईंना वाटलं होतं तो थांबेल. तो म्हणाला, "मावशी, तुम्ही खरं बोललात. पण माझं माणूस तर गेलंच की. हितं राहून काय करू?" खोलीतलं सामान त्यानं एका पोत्यात भरलं. रुक्मिणीच्या साड्या तेवढ्या खुंटीवर राहिल्या. न्यायच्या विसरला की मुद्दाम ठेवल्या, कोण जाणे. कस्तुराबाईंनी त्या खोलीला कुलूप लावलं.

कंपनी बंद झाली. अर्धवट कामं दुसऱ्यांनी घेतली. मिक्सर आणि प्लेटा रोहिदासनं नेल्या. साहेबरावांच्या थाप्या, ओळंबे, रंधे एका गोणीत होते; ते कोणीतरी मागायला आलं तेव्हा कस्तुराबाईंनी दिले नाहीत, पण ठेवूनही काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं. काही महिन्यांनी नागसेन जामिनावर सुटला तो रावेतलाच गेला. आता दुसऱ्याच्या साइटवर सुपरवायझर आहे. लोक सांगतात, टेक्यांना हात लावायच्या आधी चार वेळा विचारतो आणि मजूर त्याला हसतात. कुरुळीला तो आला नाही.

गावात दोन तट पडले. कोणी म्हणे, आई असावी तर अशी. कोणी म्हणे, पोटच्या पोराला आत घालणारी ही कसली आई. नानासाहेबांच्या घरून मात्र दर सणाला ताट येतं. कस्तुराबाई त्यातला एक घास खातात आणि बाकीचं माझ्याकडे आणून ठेवतात.

यंदाच्या उन्हाळ्यात राजगुरुनगरच्या कोर्टात त्यांची साक्ष झाली. मी बरोबर गेले होते. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहताना त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. नागसेनच्या वकिलांनी विचारलं, "आरोपी तुमचे कोण लागतात?"

"ल्योक."

"तुमचं आणि मुलाचं पटत नव्हतं. म्हणून तुम्ही हे सांगताय."

"लई पटायचं साहेब," त्या म्हणाल्या. "माझं त्याच्याबिगर कुणी न्हाई."

नागसेन पलीकडे उभा होता. दाढी वाढलेली, बापासारखे खांदे पुढं झुकलेले. तो खाली बघत होता आणि त्याच्या गालावरून पाणी वाहत होतं. पुसायला हात वर करायचंही त्याला सुचत नव्हतं. कस्तुराबाईंनी सगळं सांगितलं. सिमेंट ओलं होतं हे सांगितलं, हटकल्याचं सांगितलं, लाडू वाटल्याचंही सांगितलं. कोणी विचारलंच नव्हतं, तरी सांगितलं.

बाहेर व्हरांड्यात आम्ही बाकावर बसलो. पाण्याची बाटली रिकामी झाली होती. तेवढ्यात आम्रपाली आली. तिनं आपली बाटली पुढं केली आणि म्हणाली, "ह्यांनी सांगितलंय, आईला घरी सोडून ये. उन्हाचं एसटीनं पाठवू नको म्हणाले."

"तो येतोय का?" कस्तुराबाईंनी विचारलं.

आम्रपालीनं मान हलवली. नाही.

आम्ही तिच्या गाडीत बसलो. चाकणच्या चौकात नेहमीसारखी कंटेनरची रांग होती, बराच वेळ गाडी जागची हलली नाही. कस्तुराबाईंनी एकदाच विचारलं, "पोरगी बरी हाय का?" "बरी आहे," आम्रपाली म्हणाली. "शाळेत जाते." 

घरापाशी उतरल्यावर कस्तुराबाई गाडीच्या खिडकीशी थोडा वेळ उभ्या राहिल्या. "च्या घेऊन जा," म्हणाल्या. आम्रपाली म्हणाली, "नको आई, ते वाट बघत असतील." गाडी वळवून ती निघून गेली.

निकाल अजून लागलेला नाही.